नकाशावरची सही कोणाची?

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून संगमेश्वराच्या दिशेला निघाले की कामथ्यानंतर सावर्डे लागते. कोकण रेल्वेचे स्थानक आहे. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतली मुले इथे येतात. सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमुळे चित्रकलेच्या वर्तुळात गावाचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत गेले आहे. खैरापासून कात काढण्याचे कारखाने आहेत. जवळच डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. भाड्याच्या खोल्या, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने, रिक्षांची रांग, शहराला लागते ते जवळजवळ सगळे आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि राजापूर इथे नगरपरिषदा आहेत; दापोली, गुहागर, देवरुख, लांजा आणि मंडणगड इथे नगरपंचायती. त्या यादीत सावर्डे बसत नाही, म्हणून शहरांसाठी होतो तसा विकास आराखडाही त्याच्या वाट्याला येत नाही.

मग सावर्डे आखते कोण? रेल्वेचा मार्ग रेल्वेच्या अभियंत्यांनी आखला. महामार्गाच्या परशुराम ते आरवली टप्प्याचे चौपदरीकरण रस्तेवाल्यांनी आखले. बिनशेतीची फाईल महसूल खाते बघते, घराचा नकाशा खाजगी इंजिनियर काढतो, नळपाण्याची योजना जिल्हा परिषद करते आणि पऱ्याला पावसाळ्यात कुठून वाहायचे ते पऱ्या स्वतःच ठरवतो. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असेल. पण वीस वर्षांनी इथे किती माणसे राहतील, त्यांचे सांडपाणी कुठे जाईल, विद्यार्थी महामार्ग कुठून ओलांडतील आणि कोणत्या जमिनीला हात लावायचा नाही, हे सगळे एका कागदावर मांडून त्याखाली सही करणारा माणूस या रांगेत दिसत नाही.

त्या माणसाला आपण नगररचनाकार म्हणतो, बोलीत टाऊन प्लॅनर. हा लेखसंग्रह त्याच्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या बिरादरीबद्दल आहे: हे काम करणाऱ्यांची देशपातळीवरची संस्था कशी उभी राहिली, तिने काय केले, काय करायचे राहिले, आणि सावर्ड्यासारख्या गावाने तिच्याकडून काही अपेक्षा ठेवावी का. मराठीत शहरांवर बरेच लिहिले गेले आहे. शहरे आखणाऱ्यांवर फारसे नाही. ‘टाऊन प्लॅनिंगमध्ये फाईल अडकली’ एवढ्या एका वाक्यापुरताच हा व्यवसाय बहुतेकांना ठाऊक असतो.

नव्या वाचकासाठी आधी थोडी सीमारेषा आखून घ्यावी लागेल. वास्तुविशारद इमारत आखतो आणि त्याचे पैसे देणारा मालक समोर बसलेला असतो. स्थापत्य अभियंता रस्ता, पूल, धरण उभे करतो. ते पडले तर सगळ्यांना दिसते. नगररचनाकार मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर, अजून न आलेल्या माणसांसाठी, अजून न बांधलेल्या गोष्टी मांडतो. एका सर्व्हे नंबरावर त्याने शाळेचे आरक्षण टाकले की त्या खातेदाराचे पुढचे आयुष्य बदलते. शेजारच्यावर टाकले नाही की त्याचेही बदलते. त्याची चूक पंधरा-वीस वर्षांनी उघडी पडते आणि तोवर तो निवृत्त झालेला असतो. इतक्या लांब पल्ल्याच्या आणि इतक्या पैशांना हात घालणाऱ्या कामाला समव्यावसायिकांची नजर हवी, हा अशा संस्थेच्या जन्मामागचा खरा युक्तिवाद. प्रतिष्ठा, पदव्या, वार्षिक अधिवेशनातली जेवणे हे सगळे नंतरचे.

आपल्याकडे ही गोष्ट प्लेगपासून सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पण पाडलेल्या खोल्यांतली माणसे बऱ्याचदा शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. त्यानंतर १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला, देशातला या विषयावरचा पहिला. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेले नीट आकाराचे अंतिम भूखंड ज्याचे त्याला परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतला वाटा खर्चासाठी घ्यायचा, अशी त्याची रीत. सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ए. ई. मिराम्स यांच्याकडे या कामाची सूत्रे होती. आजचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग त्याच वंशातला. शहराचा आराखडा करणारे खातेच जमिनीचे बाजारमूल्य दर ठरवण्यात का असते, असे कोडे अनेकांना पडते. त्याचे मूळ तिथे सापडते.

त्याच सुमाराला पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांच्या येण्याची हकीकत मजेशीर आहे. जगभरच्या नगरांचे नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे त्यांचे फिरते प्रदर्शन १९१४ मध्ये ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजातून येत होते. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. आयुष्यभराचे साहित्य समुद्राच्या तळाशी गेले. गेडिसनी मित्रांकडून नवे साहित्य मागवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलेच. पुढची काही वर्षे ते इथल्या गावांतून पायी हिंडले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची पाडापाडी त्यांना पसंत नव्हती. जुन्या गावात शिरा, एकेक घर बघा, पडके काढा, विहीर आणि पिंपळाचा पार राखा, थोड्या खर्चात हवा-उजेड आणा, असे त्यांचे म्हणणे. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांना एक विद्यार्थी भेटला, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. पुढे घुर्ये भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू झाले, आणि ते रास्तच. पण गेडिसच्या तालमीतला हा कोकणी माणूस नगररचनेकडे वळला असता तर कोकणातल्या वाड्यांचा अभ्यास शंभर वर्षे आधी सुरू झाला असता, अशी चुटपुट मला लागून राहिली आहे.

इंग्लंडमध्ये १९१४ मध्ये टाऊन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. वास्तुविशारद, अभियंते, सर्वेक्षक आणि वकील असे वेगवेगळ्या घरांतले लोक तिथे एका छपराखाली आले आणि हा स्वतंत्र व्यवसाय असल्याचे त्यांनी जाहीर केले. आपल्याकडे तसे व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. फाळणीने लाखो निर्वासित आले, फरिदाबाद, उल्हासनगर अशी शहरे उभी राहिली, भुवनेश्वर आणि चंदीगड या नव्या राजधान्यांची आखणी सुरू झाली. मुंबईत पालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांनी अमेरिकी सल्लागार आल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईची रूपरेषा मांडली. मोडकांचे नाव आज लोकांना मोडकसागरामुळे ठाऊक आहे. त्यांच्या आराखड्याची आठवण अभ्यासकांपुरती उरली. काम डोंगराएवढे आणि ते जाणणारी माणसे मूठभर, अशा त्या दिवसांत १९४९ मध्ये इंडियन बोर्ड ऑफ टाऊन प्लॅनर्स नावाचे मंडळ जमले आणि दोन वर्षांनी, जुलै १९५१ मध्ये, त्याचीच इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया झाली. नमुना लंडनच्या संस्थेचा. मुख्यालय दिल्लीत. व्यवसायात तिला आयटीपीआय म्हणतात.

सुरुवातीच्या दशकांत या संस्थेने केलेले सर्वांत मोलाचे काम माझ्या मते तिची परीक्षा. नगररचना शिकवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दिल्लीची शाळाच मुळी १९५५ ची. अशा वेळी सरकारी खात्यात आरेखक किंवा कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेला माणूस नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून, या संस्थेची सहसदस्यत्वाची परीक्षा देऊ शकत असे. पास झाला की नावापुढे एआयटीपी लागे आणि अनेक राज्यांच्या सेवाभरतीत ते पदवीच्या तोडीचे धरले जाई. दिवसभर ट्रेसिंग कापडावर रोट्रिंग पेनने सर्व्हे नंबरांच्या हद्दी गिरवायच्या, खाडाखोड ब्लेडने खरवडायची, आणि रात्री गेडिस आणि उद्याननगराची कल्पना मांडणारा हॉवर्ड वाचायचा. दिल्ली-अहमदाबादला जाऊन शिकणे ज्यांच्या घरी परवडत नव्हते त्यांच्यासाठी ही एक खिडकी उघडी होती. व्यावसायिक संस्था म्हणजे दार लावून घेणारी मंडळी, अशी टीका जगभर होते आणि पुष्कळदा ती खरी असते. या परीक्षेपुरती तरी ती लागू पडत नाही.

दुसरे मोठे काम १९९६ चे. ७४ वी घटनादुरुस्ती लागू होऊन नगरपालिकांना घटनेचे बळ मिळाले होते, पण छोट्या गावाने आराखडा करायचा तर नेमका कसा, कोणत्या टप्प्यांनी, किती लोकसंख्येला किती शाळा आणि किती मैदान धरायचे, याचे देशपातळीवरचे एकत्र मार्गदर्शन नव्हते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयासाठी हे मार्गदर्शन आयटीपीआयने तयार केले. व्यवसायात त्याला यूडीपीएफआय म्हणतात, आणि २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती येईपर्यंत देशभरच्या आराखड्यांमध्ये त्याचीच कोष्टके वापरली गेली. याशिवाय नियतकालिक, दरवर्षीचे राष्ट्रीय अधिवेशन, राज्याराज्यांतल्या शाखा आणि ८ नोव्हेंबरचा जागतिक नगररचना दिन हा संस्थेचा नित्यक्रम. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

या व्यवसायात विचारांचे प्रवाह अनेक आहेत आणि ते एकमेकांशी भांडत आले आहेत. एबेनेझर हॉवर्डचे उद्याननगर, गेडिसचे सर्वेक्षण आणि हलक्या हाताची शस्त्रक्रिया, चंदीगडची कोऱ्या कागदावरची आधुनिकता. १९६२ च्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यानंतर सगळ्या देशाला रंगीत विभागांच्या आराखड्याची चटक लागली: पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती. तेव्हाच्या मुंबई राज्याने त्याआधीच १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा बंधनकारक केला होता. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्याने त्यावर प्रादेशिक योजनेची चौकट बसवली. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून नवी मुंबईची कल्पना मांडणारे तिघे, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, हे वास्तुविशारद आणि अभियंते होते, हे व्यवसायाने लक्षात ठेवावे. त्याच वर्षी अमेरिकेत पॉल डेव्हिडॉफने वेगळाच सूर लावला: आराखडा तटस्थ नसतो, तेव्हा नगररचनाकाराने गरिबांचे वकीलपत्र घ्यावे. आपल्याकडे त्या सुराला जवळची गोष्ट १९९६ पासून केरळमध्ये घडली, लोकयोजनेच्या रूपाने. आणि १९१५ ची ती भूखंड परत देण्याची मुंबईची रीत? ती गुजरातने जिवंत ठेवली, वाढवली. आपण आरक्षण टाकून भूसंपादनाची वाट बघत बसलो आणि अलीकडे नवी मुंबईजवळच्या नैना किंवा पुण्याजवळच्या माण-म्हाळुंगेच्या नगररचना योजनांच्या निमित्ताने स्वतःचीच विद्या पुन्हा शिकू लागलो.

एवढी परंपरा असलेल्या संस्थेचे दुखणे कायद्यात आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांनाही आहे. नगररचनाकारांसाठी देशात असा कायदाच नाही. आयटीपीआय ही नोंदणीकृत संस्था आहे. तिचे सदस्यत्व मानाचे आहे, आचारसंहिताही आहे, पण एखाद्याने लाज आणणारे काम केले तर ती फार तर त्याचे सदस्यत्व काढून घेईल. तो दुसऱ्या दिवशी तेच काम करायला मोकळा. कोणीही स्वतःला टाऊन प्लॅनर म्हणवून घेऊ शकतो. गंमत अशी की वास्तुविशारदांची कायद्याची तटबंदीही वाटते तेवढी उंच नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवतो, काम राखून ठेवत नाही. ज्यांना वाटते की एक कायदा झाला की नगररचनेचे भले होईल, त्यांनी तो निकाल वाचावा.

नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये नगर नियोजनाच्या क्षमतेवर अहवाल दिला आणि बऱ्याच गोष्टी एकदम चव्हाट्यावर आल्या. राज्यांच्या नगररचना खात्यांना बारा हजारांहून अधिक नगररचनाकार हवेत. मंजूर पदे ३,९४५, आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना कसलाच बृहत् आराखडा नाही. कित्येक राज्यांत नगररचनेच्या नोकरीसाठी नगररचनेची पदवी हीच अट नाही. अहवालाने नगररचनाकारांसाठी वैधानिक राष्ट्रीय परिषद स्थापन करण्याची शिफारस केली. संस्थेतल्या जुन्या मंडळींना ही शिफारस आपल्या मागणीचा विजय वाटली. मला त्यातले दुसरे आकडे जास्त बोचले. २०११ च्या जनगणनेतल्या या ७,९३३ मध्ये ३,८९२ वस्त्या जनगणनेने शहरी ठरवलेली गावे आहेत: माणसे, धंदे आणि दाटी शहराची, कारभार ग्रामपंचायतीचा. २००१ मध्ये अशी गावे १,३६२ होती. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. देशाचे शहर होणे दिल्ली-मुंबईत कमी आणि या रस्त्याकडेच्या गावांत जास्त घडते आहे, आणि व्यवसायाची माणसे मात्र उलट्या टोकाला गोळा झाली आहेत.

कोकणात तर हा प्रश्न आणखी वाकडा आहे. देशावरच्या गावाला गावठाण असते, पांढरी आणि काळी वेगळी ओळखू येते. इथे गाव म्हणजे वाड्या: एक ओढ्याकाठी, एक डोंगराच्या कुशीत, एक सड्यावर, मध्ये पायऱ्यांची पाखाडी. घराभोवती परसू, त्याला लागून बाग, मग वरकस. एका सातबारावर नावांची जत्रा, त्यातली निम्मी मुंबईला. प्रादेशिक योजनेचा भाग नकाशा उघडला तर अशा गावांचा बराच मुलूख एका हिरव्या रंगात दिसतो. झोन दाखला काढायला रत्नागिरीला जावे, चलन भरावे आणि हातात एका ओळीचे उत्तर यावे: शेती विभाग. पण त्या हिरव्यात भातखाचर आहे, आंबा-काजूची बाग आहे, देवराई आहे आणि कातळाचा सडाही आहे. महसुलाच्या कागदावर सडा म्हणजे पडीक. त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे निघाली आणि २०२२ मध्ये त्यांचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. पावसाळ्यात त्याच कातळावर फुलांची चादर पसरते आणि खालच्या विहिरींना पाणी तोच पुरवतो. ‘मोकळी जागा’ म्हणून प्रकल्पासाठी बोट ठेवायला सडा सगळ्यांत सोयीचा, आणि बोट ठेवणाऱ्याला विरोध करायला सर्वेक्षण हाताशी असलेला व्यावसायिक माणूस लागतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने जवळजवळ सगळीकडे एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. एकसारखेपणाचा फायदा मी नाकारत नाही. दलालांची काही दुकाने त्यामुळे बंद झाली. पण विदर्भातल्या सपाटीचे आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे माप एकाच फूटपट्टीने घेतले की पाखाडीचे काय करायचे ते नियमाला सुचत नाही.

आणि मग चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात पहिल्या मजल्यापर्यंत चढले. एसटी आगारात पाणी भरले तेव्हा आगारप्रमुख तिकिटांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. ते छायाचित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण आगार तिथे का आहे, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आली: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. शहराचा मोठा भाग त्या रेषांत गेला आणि लोक रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे होते की नदीतला गाळ काढा, वीजनिर्मितीनंतर नदीत सोडले जाणारे कोयनेचे अवजल आणि डोंगरावरची तोड यांचा हिशेब करा, मग आमच्या घरांवर रेघ ओढा. रेषा पाटबंधारे खात्याची, परवानगी नगरपरिषदेची, गाळ तिसऱ्याचा, डोंगर चौथ्याचा. अशा वेळी शासनाचाही नाही आणि बिल्डरचाही नाही असा एक अभ्यासू आवाज हवा असतो. या रेषा कशा काढल्या, कुठे चुकल्या असतील, जुन्या बाजारपेठेचे काय करता येईल, हे सांगणारे चार पानी टिपण राष्ट्रीय संस्थेच्या शिक्क्याने मराठीत आले असते, तर वादाला पाया मिळाला असता. तिथून सावर्डे फार दूर नाही. चिपळूणच्या सखल भागातून सरकणारे दुकान आणि घर महामार्गालगतच्या उंच जागा शोधणारच, आणि त्या जागा सावर्ड्याच्या बाजूलाही आहेत.

मौन ही या व्यवसायाची जुनी खोड आहे. त्याला कारण आहे. सदस्यांपैकी पुष्कळ जण सरकारी सेवेत. उरलेले सरकारी कामांवर जगणारे सल्लागार. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यातल्या चुका शाळकरी पोरांनाही दिसतील अशा होत्या, हजारोंनी हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला. चुका शोधल्या नागरिकांनी, वास्तुविशारदांनी, पत्रकारांनी. आराखडा करणाऱ्यांच्या बिरादरीने स्वतःच्या कामाची उघड चिकित्सा करायची ती वेळ होती. मंजूर आराखड्यातले आरक्षण नंतर १९६६ च्या कायद्याच्या कलम ३७ खाली ‘किरकोळ फेरबदल’ म्हणून उठते, तेव्हाही अहवालावर कुणातरी नगररचनाकाराचीच सही असते. बदली होईल म्हणून तो एकटा बोलू शकत नाही, हे मला कळते. संस्था असते ती नेमकी यासाठी: एकट्याला बोलता येत नाही ते सगळ्यांच्या वतीने बोलायला. कायद्याचे दात मिळोत न मिळोत, आवाजाला कुठल्याही अधिसूचनेची गरज नाही.

आणि कायद्यात आजही काही फटी आहेत ज्यांतून ही मंडळी आत शिरू शकतात. विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीच्या तिघांबरोबर नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ बसतात; तिथे कोण बसते याची संस्थेने जाहीर चर्चा करावी. घटनेच्या कलम २४३-झेडडीने जिल्हा नियोजन समितीला पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामायिक बाबींचा, त्यात भूवापराचे नियोजन आणि पाणी स्पष्टपणे आले, विचार करून जिल्ह्याचा आराखडा करायला सांगितले आहे, आणि राज्यपाल सांगतील त्या संस्थांशी विचारविनिमय करायलाही. प्रत्यक्षात ‘जिल्हा नियोजन’ची बैठक म्हणजे निधीवाटपाची बैठक. पालकमंत्री येतात, रस्ते आणि साकव वाटले जातात, चहा होतो. सावर्डे आणि चिपळूण यांचा एकत्र विचार व्हावा असे घटनेला वाटते; ती जागा रिकामी आहे. मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या सोळाशेहून अधिक गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याचा निर्णय झाला तेव्हा ग्रामसभांतून विरोध उठला, कारण तळातले नियोजन कोणी केलेच नव्हते आणि वरून येणारे लोकांना परके वाटले.

या पार्श्वभूमीवर हा संग्रह काय करू पाहतो? तो पाठ्यपुस्तक नाही. परीक्षेला बसणाऱ्याला त्यातून चार गुण जास्त मिळतील असेही नाही. लिहिणाऱ्यांत खात्यातून निवृत्त झालेले आहेत, शिकवणारे आहेत, खाजगी सल्लागार आहेत, आणि आराखड्यामुळे जमीन गेलेलेही आहेत. त्यांच्या बाजूला बसून संस्थेचा इतिहास वाचला की तो निराळा दिसतो. मुंबईवर आम्ही मुद्दाम कमी जागा खर्ची घातली; तिच्यावर लिहायला पुष्कळ जण आहेत. चिपळूण, खेड, लांजा, सावर्डे अशा ठिकाणचे अनुभव पुढे ठेवले. नियमांची भाषा शक्य तिथे सोपी केली, पण ‘आरक्षण’, ‘अंतिम भूखंड’, ‘पूररेषा’ असे शब्द तसेच ठेवले, कारण नोटिशीत तेच येतात आणि हरकत द्यायला मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून तीसच दिवस असतात. ग्रामपंचायत सदस्याने हे पुस्तक नकाशा समोर ठेवून वाचावे, अशी सोय प्रत्येक लेखाच्या मांडणीत केली आहे.

लेखकांत एकमत नाही, आणि संपादनात आम्ही ते आणायचा प्रयत्नही केला नाही. काहींना वैधानिक परिषद हाच उपाय वाटतो. नोंदणीशिवाय कोणी आराखड्यावर सही करू नये, असे त्यांचे ठाम मत आहे. काहींना भीती वाटते की परिषद आली की दिल्लीत आणखी एक कार्यालय उघडेल आणि तळातून परीक्षा देऊन वर येणाऱ्याची खिडकी बंद होईल. एका लेखात तर नगररचनाकार हा स्वतंत्र व्यवसाय असावा का, यावरच शंका घेतली आहे. मी पहिल्या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे: परिषद यावी, पण परीक्षेची वाट उघडी राहावी, आणि परिषदेच्या आधी संस्थेच्या महाराष्ट्रातल्या शाखांनी वर्षातून एक अधिवेशन पंचतारांकित सभागृहाऐवजी एखाद्या अशा गावात भरवावे ज्याला आराखडा नाही. सावर्ड्यात महाविद्यालयांची सभागृहे आहेत, राहायला डेरवण आहे, आणि स्टेशन गावातच आहे.